उसनी पोरं

मॅडम, परवा तुमच्या कॉलेजात गेलो होतो. सहज नव्हे, तपासणीला. आपल्या संस्थेनं आता टूम काढली आहे, दर कॉलेजातल्या दर विषयाला मुलं किती आणि शिकवणारे किती ते बघायचं, आणि बघायला पाठवतात मला. पिंपळगावचा माझा स्वतःचा विभाग बंद पडला, मी अतिरिक्त ठरलो, आणि अतिरिक्त माणसाचं करायचं काय म्हणून मला मुख्य कार्यालयात एक टेबल दिलं. तेव्हापासून मी दुसऱ्यांचे विभाग बघत फिरतो. मुलं पुरेशी नसली की ‘विषय टप्प्याटप्प्याने बंद करावा’ असं लिहितो, खाली सही करतो आणि डबा उघडतो. माझ्या माघारी स्टाफरूममध्ये मला कात्री म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं. आता तेही वाटत नाही. मानसशास्त्र शिकवलेल्या माणसाला या न वाटण्याचं नाव माहीत असतं, पण नाव माहीत असून काही फरक पडलेला नाही.

तुमची खोली तिथंच आहे, सायकल स्टँडच्या वर, व्हरांड्याच्या टोकाला. शेजारी आता कॉम्प्युटरवाल्यांचा विभाग झालाय, काचेचं दार, आत गारवा, बाहेर चपलांचा ढीग. तुमच्या वेळेला आपल्याकडे तीन जण पूर्ण पगारावर होते. तुम्ही निवृत्त झालात, तुमची जागा भरली नाही. दुसरे सर निवृत्त झाले, त्यांचीही भरली नाही. तिसऱ्यांनी बदली मागून घेतली. सध्या एकच मुलगी शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे आणि उन्हाळ्यात काहीच नाही. दर जूनला तिची नव्यानं मुलाखत होते, तीच खुर्ची, तेच प्रश्न. अशी किती वर्षं काढली तिनं, मी विचारलं नाही. स्पेशलला, म्हणजे पदवीला हाच मुख्य विषय घेतलेली, पुरेशी मुलं दिसली असती तर विषय राहिला असता, आणि कधी तरी तिची जागाही मंजूर झाली असती. नाही दिसली तर विषय गेला आणि ती गेली. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि माझ्याबरोबर आलेले कार्यालयातले हिशेबनीस, त्यांनाही माहीत होतं. पण ते खाली प्राचार्यांकडे चहा घेत बसले, कारण त्यांना जिने चढवत नाहीत.

वर्ग भरलेला होता, मॅडम. अगदी शेवटच्या बाकापर्यंत. प्राचार्यांनी फोनवर तसं आधीच ऐकवलं होतं. त्या मुलीनं खोली झाडून घेतली होती, फळ्यावर तारीख घातली होती, टेबलावर झेंडूची फुलं ठेवली होती. मी दारात उभा राहिलो आणि मला लगेच कळलं. पुढची थोडी पोरं समोरासमोर, जोडीजोडीनं बसली होती, तुम्ही लावून दिलेल्या सवयीप्रमाणं, कारण आपल्या प्रॅक्टिकलला एकानं प्रयोग घ्यायचा आणि दुसऱ्यानं द्यायचा असतो. मागची सगळी फळ्याकडे तोंड करून होती. दप्तर मांडीवर, एक पाय बाकाबाहेर. ही दुसऱ्या विषयाची पोरं होती, तपासणीपुरती आणून बसवलेली. ओळखायला काही अक्कल लागली नाही. मीसुद्धा तसाच बसलो होतो.

तुम्हाला तो दिवस आठवत असणारच. मी दुसऱ्या वर्षाला होतो, अर्थशास्त्र घेतलं होतं, कारण वडिलांच्या मते अर्थशास्त्रात अर्थ होता. वडील टेम्पोवर, द्राक्षाचे क्रेट घेऊन जायचे. मी रोज पिंपळगावहून एसटीनं यायचो आणि तास नसला की सायकल स्टँडच्या कठड्यावर बसून राहायचो. तुम्ही स्वतः खाली आलात. पदर खोचलेला, चष्मा कपाळावर. तास आहे का विचारलंत, मी नाही म्हटलं, तर म्हणालात, मग जरा वर चल, नुसतं बसायचंय. माझ्यासारखी अजून चार-पाच पोरं गोळा केलीत, शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी. वर आल्यावर कळलं की विद्यापीठाची समिती यायची आहे, स्पेशल विषयाला मान्यता द्यायची की नाही ते ठरवायला. तुम्ही मला खिडकीजवळ बसवलंत आणि समोर तो लाकडी खोका ठेवलात. आडवी फळी, त्यामुळे आपला हात आपल्याला दिसत नाही, फक्त पलीकडच्या आरशात दिसतो, आणि आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायची. पेन्सिल मी उजवीकडे न्यावी तर ती भलतीकडेच जाई. मी घामाघूम झालो होतो.

तेवढ्यात समिती आली. त्यातले एक म्हातारे प्राध्यापक माझ्यापाशी थांबले आणि त्यांनी विचारलं, तुझा विषय कोणता. मी चटकन सांगितलं, मानसशास्त्र. मला कुणी पढवलं नव्हतं. तुम्ही तर बसायचं एवढंच म्हणाला होतात. मी मान वर केली तेव्हा तुम्ही खिडकीतून खाली सायकलींकडे बघत होतात. म्हाताऱ्यांनी स्वतः एकदा चांदणी गिरवून पाहिली, त्यांचंही जमेना, ते हसले, आणि समिती पुढे गेली. मान्यता मिळाली. नंतर तुम्ही सगळ्यांना पेढा दिलात, पोरं पेढा खाऊन पसार झाली, आणि मी निघालो तर तुम्ही दारात आडव्या उभ्या.

“खोटं बोललास,” तुम्ही म्हणालात. “मी सांगितलं नव्हतं तुला.”

मला वाटलं होतं शाबासकी मिळेल.

“आता एक तर मी जाऊन त्यांना खरं सांगते, नाही तर तू ते खरं कर. उद्या सकाळी पहिल्या तासाला ये.”

तुम्ही रागावला होतात, हे मला तेव्हा कळलं. माझ्यावर की स्वतःवर, ते कळलं नाही, आणि अजूनही नक्की सांगता येत नाही. पण मी दुसऱ्या दिवशी आलो. तुम्ही माझ्याबरोबर ऑफिसात येऊन विषय बदलून घेतलात. घरी वडील जेवता जेवता थांबले. “येड्यांचा डाक्टर व्हणार हाय का तू?” म्हणाले. आईनं त्यांना आणखी एक भाकरी वाढली. त्यावर पुन्हा कधी बोलणं निघालं नाही. तुम्ही मला उसनं आणलंत मॅडम, आणि परत केलं नाहीत.

वर्गात माझ्याशिवाय सगळ्यांच्या जोड्या ठरलेल्या होत्या. मी मागून आलेला, उरलेला. मग माझ्या समोर तुम्ही बसायच्यात. पुढं पोरं वाढली, घटली, पण दोन्ही वर्षं तुम्हीच. मी प्रयोग घ्यायचो, तुम्ही द्यायच्यात. शिकवणारी बाई म्हणून जरासुद्धा सवलत नाही. चांदणी गिरवताना तुमची रेघ माझ्याहून वाईट यायची, तुम्ही दात-ओठ खायच्यात आणि म्हणायच्यात, लिही, जे आलं ते लिही. तुमच्या स्वयंपाकघरातला तो रविवार आठवतो. स्मरणाच्या प्रयोगासाठी अर्थ नसलेली अक्षरं लागतात, तुम्ही दाणे भाजता भाजता ती जुळवत होतात आणि मी आणि वर्गातली एक मुलगी, बागलाणातल्या नामपूरची, ओट्याला टेकून ऐकत होतो. तुम्ही ‘शे’ म्हणालात आणि ती खुदकन हसली. तिच्याकडे, अहिराणीत, ‘शे’ म्हणजे ‘आहे’. तुम्ही उलथनं हातात घेऊन थांबलात, मग तिला म्हणालात, बरं झालं तू आलीस, नाही तर तुम्हा बागलाणातल्या पोरींना आयतंच पाठ झालं असतं. तिघंही हसत सुटलो. तुम्ही आम्हाला गरम दाणे आणि गूळ दिलात, आणि मी खातोय की नाही ते मध्येच बघत होतात. आमच्या घरी वडील टेम्पोवर, आई बागेत, जो तो येईल तसा जेवायचा. समोर बसून माझ्याकडे कुणी इतका वेळ बघितलेलं नव्हतं.

परवा मी त्या मुलीला म्हटलं, प्रॅक्टिकल घ्या, आरशाचं. तिनं कपाटातून खोके काढले. त्यातला एक तोच होता, कोपरा तुटलेला. पोरांच्या जोड्या लावल्या, आणि शेवटच्या बाकावर एक उंच मुलगा उरला, हातात नवा मोबाइल. मी त्याच्या समोर जाऊन बसलो. चांदणी त्यानं कशीबशी गिरवली, तोंड वाकडं केलं, पण पूर्ण केली. मी विचारलं, विषय कोणता. तो चटकन म्हणाला, “मानसशास्त्र, सर.”

मॅडम, तेव्हा मला काही तरी झालं. खूप दिवसांनी झालं म्हणून लक्षात राहिलं. मी तिथल्या तिथं ठरवलं की हा मुलगा जर उद्या येतो म्हणाला, तर मी सगळी पोरं मोजीन. मागची, पुढची, सगळी. लिहीन की वर्ग पूर्ण आहे, विषय चालू ठेवावा. नियमाच्या विरुद्ध आहे हे मला कळत होतं, कळूनच ठरवलं होतं. मी त्याला विचारलं, “उद्या येशील?”

त्यानं आधी त्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “नाही, सर. मॅडमनी आजचंच सांगितलंय.”

बोलून गेल्यावर त्याला कळलं आणि त्यानं जीभ चावली. गरीब पोरगा, त्याचा काही दोष नाही. ती मुलगी फळ्यापाशी होती, तिनं ऐकलं. मला वाटलं ती रडेल किंवा विनवण्या करील, तर तसं काही नाही. तिनं मागच्या पोरांना जायला सांगितलं, ती भराभर गेली, आणि पुढची थोडकी उरली. म्हणाली, कॉमर्सची आहेत, माझ्या शब्दाखातर आली, त्यांना काही करू नका सर. मी म्हटलं, छे. मग तिनं खरी मुलं किती ते सांगितलं आणि मी लिहून घेतलं. मी उठलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं:

“माझा एक मुलगा एकटा उरतो, सर. त्याच्यासमोर मी बसते. मी गेल्यावर परीक्षेला त्याच्यासमोर कोण बसेल?”

मी म्हटलं, प्रशासन बघेल. खाली आलो. प्राचार्यांनी जेवण ठेवलं होतं, वांग्याची भाजी, जिलबी. मी जेवलो. हिशेबनीस म्हणाले, जिलबी झकास आहे, मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी अहवाल दिला. बंद करावा असं लिहिलं, सही केली. ती मुलगी आता एका इंग्रजी शाळेत लागणार आहे, असं ऐकतो.

तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात, मी राहिलो नाही. तुमचं ते वाक्य माझ्यापाशी होतं, इतकी वर्षं जपून ठेवलेलं, आणि मुलगा माझ्या समोरून दप्तर उचलून गेला. दोन दिवस विचार करतोय की माझ्या तोंडून ते का निघालं नाही. घाई नव्हती, भीती नव्हती. मला वाटतं, ते वाक्य बोलायला ज्याचं खोटं खरं झालंय असा माणूस लागतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी पिंपळगावला तास घेत होतो. निरोप आला, मी तास पूर्ण केला, मग आलो. तुमच्या भाच्यानं सांगितलं की तुम्ही सगळ्यांना सांगायच्यात, माझा एक विद्यार्थी अर्थशास्त्र सोडून या विषयात आला, इतका त्याला विषय आवडला. मी मान हलवली.

हे पत्र टाकायचं कुठं हा प्रश्न नाही, ते टेबलाच्या खणात जाईल, जुन्या अहवालांखाली. पण लिहायला बसलोच आहे तर लिहून टाकतो. मला तो विषय कधीच आवडला नाही, मॅडम. शिकताना नाही, शिकवताना तर नाहीच. तुम्ही समोर बसायच्यात, ते आवडायचं. तेवढ्यासाठी मी रोज आलो, आणि तेवढ्यावरच आयुष्यभराची नोकरी केली. तुम्हाला हे एकदाही सांगितलं नाही. त्या पोरानं निदान त्याच दिवशी खरं सांगितलं.