जुन्या सीडीवरची फाइल

दादा,

तू सांगितलंस तसा तुझा कॉम्प्युटर साफ पुसला आणि नवी सिस्टिम टाकायला घेतली. पण तुझं लायसन्स निघालं अपग्रेडचं, म्हणजे जुनी सिस्टिम आधीपासून असेल तरच चालणारं. जुन्या सिस्टिमची सीडी घातल्याशिवाय ते पुढेच सरकेना, म्हणून तुझा खण उघडला. सीडी हॉस्पिटलच्या फाइलखाली होती. फाइल मी वाचली. कॅन्सरवर उपचार नकोत म्हणून सही करून मोकळा झालास, आणि घरात चकार शब्द नाही?

मी फाइलमधल्या त्या डॉक्टरांना गाठायला चाललेय. आईला तूच सांग, आजच.

कॉम्प्युटर सुरू झालाय. "काही म्हणता काही ठेवू नकोस" म्हणालास, तेव्हा मी का नाही विचारलं? तुझा एकही फोटो उरला नाही रे.

छोटी