मलकपेठची फियाट आणि बुशांचा विजय

ती. नामदेवराव यांस,

मलकपेठेहून आपल्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. आपली शुगर आटोक्यात असेल, वहिनींचे गुडघे कुरकुरत नसतील आणि नांदेडची थंडी दोघांनाही मानवत असेल, अशी आशा करतो. आम्ही कुशल आहोत. नुसते कुशल कसले, विजयी आहोत!

आपल्या भगिनीने, म्हणजे सुशीलाने (तुमच्या लाडानेच ती अशी झाली, पण ते असो) संक्रांतीला जाहीर केलं होतं की रथसप्तमीपर्यंत फियाटची खडखड थांबली नाही, तर ती गाडीत पाऊल ठेवणार नाही आणि गाडी भंगारवाला नेईल. आमच्या लग्नाआधीची गाडी, भंगारात! दोष इंजिनाचा नव्हता. पुढची चाकं धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात, ते झिजून गेले होते. दुकानदार म्हणाला, "साब, इस गाडी के बुश? म्यूजियम में पूछो." तरी मी ते मिळवले, जुने ठोकून काढले (अंगठ्याचं नख त्या लढाईत कामी आलं), साबणाचं पाणी लावून नवे बसवले, गाडी जॅकवर असतानाच नट करकचून आवळले आणि ऐटीत फेरी मारली. खडखड गेली होती. आता गाडी किंचाळत होती.

चूक मागाहून कळली. हे नट गाडी अधांतरी असताना आवळायचे नसतात. चाकं टेकलेली हवीत, वर माणसांचा भार हवा, नाहीतर रबर पिळवटतं. आता भार आणू कुठून? घरात ज्वारीचं अर्धं पोतंही नाही, आणि रथसप्तमी तर उजाडलेली. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात फाटकातून मराठी मंडळाच्या बायका हळदीकुंकवाला आल्या.

मी झटपट नट सैल केले, चाकं लाकडी ठोकळ्यांवर टेकवली आणि नम्रपणे सांगितलं की यंदा वाण गाडीतच मिळेल. त्रिवेणीबाई, नीलिमाताई आणि आणखी दोघी हसत मागे दाटीवाटीने बसल्या. यजमानीण तबक घेऊन बाहेर उभी. आत शिरल्याशिवाय कुंकू लावणार कसं? "अहो, बायकांना काय वजनमापं समजलात?" म्हणत सुशीला पुढच्या सीटवर बसली. गाडी छान दबली (हे मी मोठ्याने बोललो, बोलायला नको होतं). वर तिळगूळ वाटला जात होता, खाली आडवा पडून मी नट आवळत होतो.

मग सगळ्यांना घेऊनच रेसकोर्सपर्यंत फेरी काढली. खड्डे आले, स्पीडब्रेकर आले, आवाज म्हणून नाही! त्रिवेणीबाईंनी टाळ्या वाजवल्या. आणि सुशीला घरी आल्यावर सगळ्यांच्या शेवटी उतरली. नामदेवराव, मला अगदी भरून आलं. गाडी राहिली!

आपला,
प्रताप

ता. क. : मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश अजून बाकी आहेत. तरी होळीला आपण, वहिनी आणि आपले दोन्ही भारदस्त चुलतभाऊ अगत्याने यावं. पुरणपोळीचा बेत आहे. जेवण झाल्यावर कोणीही आडवं न होता थेट गाडीत बसायचं आहे.

ता. क. दुसरा, सुशीलाकडून : दादा, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. आवाज खरंच गेला. आता गाडी चालवताना हे जे जे बोलतात, ते सगळं मला स्वच्छ ऐकू येतं. होळीला नक्की ये, पण मागच्या बुशांना ह्यांना हात लावू देऊ नकोस.