दर दहावा माणूस

बाबा,

तुमची नात सध्या शाळेसाठी रोमन शिपायांवर प्रोजेक्ट करते आहे. मस्कतमधल्या वादी अदाईच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची ढाल वाळत पडली आहे. पलटणीने कच खाल्ली की काय शिक्षा व्हायची, हे तिने काल मला वाचून दाखवलं. "बाबा, ते दर टेन्थ माणसाला मारायचे, चिठ्ठ्या टाकून. सो अनफेअर ना?" मी हो म्हटलं आणि उठून बाल्कनीत गेलो. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, पण तुमच्याबद्दलचा तिटकारा काही कमी झालेला नाही.

तुम्ही इब्रीच्या लेबर कॅम्पचे इन्चार्ज आणि मी तुमच्या हाताखाली टाइमकीपर. रोमन पलटणींचं तुम्हाला भारी वेड. आठ जणांत एक तंबू, आठांत एक जातं, दिवसभर चालून संध्याकाळी पुन्हा खंदक खणायचा आणि पंचवीस वर्षं झिजल्यावर जमिनीचा एक तुकडा. आपल्या कॅम्पातही एका खोलीत आठ माणसं, आठांत एक शेगडी. ते बघून कुणालाही लाज वाटली असती, तुम्हाला अभिमान वाटायचा. ही माझी पलटण, असं पाहुण्यांना सांगायचात. आणि अर्बाबचा, म्हणजे अरब मालकाचा, फोन आला की हे सेनापती खुर्चीतून उठून, पोट आत ओढून बोलायचे. तुम्ही स्वतः कधी उन्हात फावडं धरलं नाहीत.

मग तांब्याच्या केबलचं एक रीळ स्टोअरमधून गायब झालं. कुणी कबूल होईना. तुम्ही साठ माणसं मेसमध्ये उभी केलीत आणि भाताच्या टोपात साठ चिठ्ठ्या टाकल्यात, सहांवर फुली. ज्याला फुली येईल त्याची दोन वर्षांनी मिळणारी सुट्टी रद्द. चोर सापडावा अशी तुमची इच्छाच नव्हती. पुस्तकात वाचलेलं एकदा करून बघायची हौस होती, बस. रांगेत शेवटून तिसरा सावंतवाडीकडचा एक गवंडी होता. आई अंथरुणाला खिळलेली, पुढच्या आठवड्याचं तिकीट काढलेलं. त्याला फुली आली. त्याने तुमचे पाय धरले नाहीत, हळू आवाजात एवढंच म्हणाला, "साहेबांनू, आवस वाट बघता. माका पंधरा दिवस तरी सोडा."

"खलास," तुम्ही म्हणालात. "चिठ्ठी तूच उचललीस ना?"

पंधरा दिवसांनी रीळ रुस्ताकच्या साइटवर सापडलं. आपलीच लॉरी घेऊन गेली होती. तरी तुम्ही हुकूम मागे घेतला नाहीत, म्हणालात शिस्त बिघडते. पुढच्या महिन्यात त्याची आई गेली. तुम्ही त्याला ऑफिसात बोलावून चहा पाजलात आणि शिपायाने रडायचं नसतं असं समजावलंत. इतका कोता माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हे कुणाला दाखवणार नाही, पोरगी उठायच्या आत फाडून टाकीन. पण एक सांगायचं राहिलं आहे. ते रीळ लॉरीत चढवलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. चिठ्ठ्या उचलणं चालू असतानाच मला ते आठवलं. तो गवंडी तेव्हा अजून रांगेत होता, आणि मी तुमच्या तोंडाकडे बघून गप्प बसलो.