उघड्या तोंडाचं सोंग

साखरशेत, ता. जव्हार
होळीनंतरचा पाचवा दिवस

लाडक्या नातवास, मुकेशला,

तुझ्या रामी आजीने ओटीवर शिवण घेऊन सांगितलेलं आणि पोश्याने मांडीवर वही ठेवून लिहिलेलं हे पत्र. तू खुशाल असशील आणि वेळेवर जेवत असशील, असं धरून चालते. मी बरी आहे. तुझ्या बापाचा मोडलेला पाय जुळला, पण वाकत नाही, त्यामुळे तो बसला की सगळ्या ओटीला त्याला वळसा घालून जावं लागतं. शेळीला दोन करडं झाली. आता फोन न करता कागद का, असं तुला वाटेल. फोन केला की तू शॉटमध्ये असतोस. कागद शॉट संपेपर्यंत गुमान बसून राहतो. (तुझी बहीण रविना असती तर तिच्याकडून लिहून घेतलं असतं, पण ती आश्रमशाळेत आहे आणि पाड्यावर सरळ ओळीत लिहिणारा दुसरा पोश्याच. तो पंचांत बसतो म्हणून मी शब्द गिळणार नाही. पोश्या, हेही लिही.)

तर तू कळवलंस की सोमवारी सातच्या मालिकेत तुला बोलायला मिळणार. याआधी आम्ही तुला तीनदा पाहिलं. एका सिनेमात बाजारात पाठमोरा, एका मालिकेत दवाखान्याची गाडी ढकलताना, आणि एकीत मेलेला. मेलेला तू चांगला झाला होतास. शेजारची मालू म्हणाली, पोट हललं. मी म्हटलं, हलू दे, पोरगं दोन घास जास्त जेवलं असेल. पण बोलणारा तू पहिल्यांदाच, म्हणून सगळा पाडा आपल्या घरात येऊन बसला. मालिकेतली ती बाई बराच वेळ रडली, मग दार वाजलं आणि हवालदाराचे कपडे घालून तू दारात उभा.

आता तूच सांग, बोहाड्यात मुखवटा घालून नाचणारं सोंग दाराशी आलं की घरची बाई काय करते? पायावर पाणी घालते, कुंकू लावते, ओवाळते. मग ते देवाचं असो की राक्षसाचं. जन्मभर मी हेच केलं, आणि माझ्याच नातवाचं सोंग दारात आल्यावर बसून राहू? तांब्या भरलेला होता. तुला गुडघ्यापर्यंतच दाखवत होते, म्हणून जिथे पाय असायला हवेत तिथे, टीव्हीच्या खाली, मी पाणी घातलं. तिथे विजेच्या वायरींचा बोर्ड होता. (तो तिथे पोश्याने ठेवला होता, हे त्याने मुकाट लिहावं.) फट् झालं, टीव्ही गेला, अर्ध्या पाड्याचे दिवे गेले. तू बोलायला तोंड उघडलं होतंस. तेवढंच आम्ही पाहिलं. काळोखात मी हातातलं ताट ओवाळून मात्र घेतलं, अर्धवट कसं सोडायचं?

तेव्हापासून पाड्यावर एकच गोष्ट चालली आहे, तू काय बोललास? मालू म्हणते, हात वर करा म्हणाला असेल. तुझा बाप म्हणतो, आपला मुकेश एवढं दरडावून बोलायचा नाही, त्याने पाणी मागितलं असेल. टीव्ही अजून जव्हारला दुरुस्तीला आहे.

मला मात्र दुसरंच विचारायचं आहे. तोंड उघडं ठेवून सोंग कसं करतात रे? तुझा आजा चाळीस वर्षं त्राटिका नाचला. मुखवटा चढला की पोरं किंचाळत पळायची. मुखवटा उतरवला, नारळ फोडला, की तोच माणूस चहात साखर कमी म्हणून कुरकुरायला मोकळा. तुझं सोंग तोंडावर काही चढतच नाही, मग ते उतरलं हे कशावरून ओळखायचं? मेलेला झालास त्या दिवशी नारळ कोणी फोडला? हवालदार झालास तर लोक विचारत नाहीत का, हा मागच्या महिन्यात मेला होता ना? मालिकेतल्या ताटातलं जेवण खरं असतं का? आणि रडायच्या वेळी नेमकं कोणाला आठवून रडतोस?

आजा गेल्यावर तुझा बाप त्राटिका नाचला, आणि पावसात पाय मोडून बसला. आता पंच म्हणतात, घरातलं कोणी उभं राहिलं नाही तर सोंग दुसऱ्या घराला जाईल. दुसरं घर कोणतं, ते लिहिणाऱ्याला विचार. पोश्याच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या वानराचं सोंग आहे. पोरं त्याची शेपटी ओढतात. त्राटिका मिळाली की भितील, असं त्याला वाटतं. (लिहिलंस? वाच बघू. बरं.) मी तुला ये म्हणत नाही. तू कामाचा माणूस, तीन बोहाडे आला नाहीस, चौथ्याचं काय एवढं.

तुझी,
रामी आजी
(अंगठा तिचा आहे, शाई पोश्याची)

ता.क. बोहाडा पाडव्यानंतरच्या मंगळवारी. जव्हारहून शेवटची जीप चारला सुटते. सहज सांगितलं.

आणखी ता.क. एकदा तुझा आजा शेतावर असताना मी मुखवटा घालून पाहिला. बायांनी घालायचा नसतो, ठाऊक आहे. पण आतून काय दिसतं, असं विचारलं की तो म्हणायचा, काही नाही, तुझे हात. मला ते खरं वाटेना. घातला तर दोन भोकांतून जेमतेम चूल दिसली, आणि वास सगळा त्याचाच. असो. पंच म्हणाले, घरातलं कोणी उभं राहिलं पाहिजे. बाप्याच पाहिजे असं कोणी म्हणालं नाही, मी नीट ऐकत होते. त्राटिका तरी कोण होती? बाईच ना? (पोश्या, पेन का थांबला? लिही.)

मुकेश, मी पोश्याकाका. काकीने सांगितलं तसं सगळं लिहिलं, माझ्याबद्दलचंही. शेवटचं मी पंच म्हणून ऐकलेलं नाही. तुझा भाग मी जव्हारला जाऊन मोबाईलवर पाहिला. दार वाजवून तू “आत कोण आहे?” एवढंच बोललास. काकीला सांगितलेलं नाही, ते तूच येऊन सांग. आणि लवकर ये. हे पत्र सांगताना ती जे शिवत बसली आहे, तो त्राटिकेचा घागरा आहे. खालून वीतभर आखूड करते आहे, आणि तुझी उंची मला ठाऊक आहे.