पहिल्या बाकावरची बाई

मिरजोळे, रत्नागिरी
गुरुवार

चि. प्रोफेसर डॉक्टर दर्शना हिला गोदाताईचा पाठीत एक धपाटा, आणि मागून आशीर्वाद.

(चि. लिहू की डॉ., यात अर्धी सकाळ गेली. शेवटी दोन्ही लिहिलं. नको असेल ते खोड.) तुझी मान कशी आहे? दिवाळीत दुखते म्हणालीस. खोबरेल कोमट करून लाव आणि त्या कॉम्प्युटरवरून ऊठ. इकडे आये बरी आहे, पेज खाते, पडवीत बसते. मी बरी आहे. सहा वर्षं तू घरी आली नाहीस, बाकी सगळं ठीक. फोनवर तू "ताई, मीटिंगमधून सुटले की करते" म्हणतेस आणि तू काही सुटत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. याला मध्येच कापता येत नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या हाताखालच्या त्या ऋत्विकने आमच्या सरांना पत्र पाठवलंय आणि त्यात एका बाईची तक्रार आहे. ती बाई मी.

मी इथल्या बी.एड. कॉलेजात शिपाई, हे तुला ठाऊक. तू माझी बहीण, हे मात्र कॉलेजात कोणाला ठाऊक नाही. (सांगितलं असतं तर सरांनी मला खुर्ची दिली असती. मग चहा कोणी केला असता?) पाऊस सरला तसा तीन पायांवरचा एक कॅमेरा आला. सर म्हणाले, हैदराबादच्या डॉ. दर्शना मॅडमचा प्रकल्प आहे, शिक्षक कसे घडवावेत यावर त्यांचा मोठा अभ्यास आहे, आपल्या मुलांचे सराव पाठ चित्रित करून त्यांच्याकडे पाठवायचे. माझ्या हातातली किटली हातातच राहिली. म्हणजे त्या कॅमेऱ्यापुढे जो बसेल तो दर्शनाला दिसणार!

सराव पाठ तुला वरून माहीत, मला खालून. एक जण फळ्यापाशी मास्तर होतो, बाकीचे दाढीमिशावाले बाकांवर बसून पाचवीतली पोरं होतात, सहा मिनिटं झाली की घंटा. त्या दिवशी दोन जण कमी होते. मी ट्रे खिडकीत ठेवला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. वर्ग भरलेला दिसला की त्यांचं काम झालं, कोणी हटकलं नाही. (मला चौथीतून काढलं, तुला कडेवर घ्यायला घरी कोणी नव्हतं म्हणून. म्हणजे पाचवीत मी आत्ता पहिल्यांदाच बसले.) असे एकोणीस पाठ झाले. माझ्या साड्या चार. पाचव्या पाठापासून शेजारच्या नम्रताच्या साड्या मागून आणून नेसले. तुला वाटायला नको, ताई रोज तीच गुंडाळते.

मनस्वी नावाच्या मुलीने अपूर्णांक शिकवला. एका भाकरीचे आठ समान भाग केले. मी म्हटलं, "आठ भाग करून कोणाच्या घरी वाढतात गो? माणूस उपाशी उठेल." तर म्हणते, "शाबास मावशी, छान विचार केलात!" तो पाठच शाबासकी द्यायचा होता. जितक्या शाबासक्या जास्त तितके मार्क जास्त. मग संदेश नावाचा मुलगा फळ्यापाशी आला. त्याला मी मुद्दाम सात आणि पाच तेरा सांगितले. म्हणाला, "सुंदर प्रयत्न!" मी उभी राहिले. "मेल्या, चूक आहे तर चूक म्हण की! उद्या पोरं हे तेरा घेऊन बाजारात जातील." तो रडकुंडीला आला. "मावशी, बसा ना, माझे मार्क जातील!" (तुझं शास्त्र हेच शिकवत असेल तर बदल ते.) पण खोटं कशाला बोलू, सहा मिनिटांत अकरा शाबासक्या मिळाल्या. एवढ्या मला एक्कावन्न वर्षांत मिळाल्या नव्हत्या. त्या दिवशी मी कोळणीशी पण गोड बोलले. ती घाबरली.

मग डोक्यात आलं, नुसतं दिसून काय उपयोग, बोललं पाहिजे. मास्तरांनी काही विचारलं की मी कॅमेऱ्याकडे तोंड करून घरची खबर द्यायला लागले. भूतकाळाचं वाक्य सांगा म्हटलं, तर मी, "आमच्या परड्यातला कापा फणस वादळात आडवा झाला." समुद्रकाठी काय काय दिसतं? "भाट्याच्या वाळूत माझी धाकटी बहीण चप्पल हरवून रडली, ते अजून दिसतं." भविष्यकाळ विचारला तेव्हा म्हटलं, "शिमग्याला पालखी दारात येईल, तेव्हा ती येईल का?" संदेश म्हणाला, "मावशी, हा प्रश्न झाला." पण शाबास म्हणालाच. रोज संध्याकाळी मी फोन उशाशी घेऊन बसायची. आज बघितलं असेल, आज करेल.

आणि आलं काय, तर ऋत्विकचं पत्र. "सर्व पाठांत एक प्रौढ महिला पहिल्या बाकावर आढळते. तिच्यामुळे विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे प्रमाण बिघडते. तिला वगळावे." सरांनी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं. सगळे हसले, मी पण हसले. मागून कपबशा गोळा करताना विचारलं, त्या मॅडम स्वतः बघत नाहीत का? सर म्हणाले, "गोदाबाई, शेकडो पाठ येतात, मॅडम कुठे बघत बसतील? यंत्र बघतं. मास्तर किती बोलला, पोरं किती बोलली, तेवढं मोजतं."

म्हणजे फणस पडल्याचं यंत्राला कळलं, तुला नाही. मला राग आला नाही असं लिहिणार होते, पण आला. तीन दिवस सरांना बिनसाखरेचा चहा दिला. त्यांचा दोष काही नव्हता, पण तू हाताशी नव्हतीस.

तुझं काम मोठं आहे, हे मला कळतं. तुझं नाव घेताना सर खुर्चीत ताठ होतात, तेव्हा मी पदराआड हसते. पण चार दिवस ये गो. तुझ्याकडून मला काही शिकायचं नाही. तू नुसती घरात इकडून तिकडे चाल, मी बघते.

तुझी,
गोदाताई

ता. क. ऋत्विकला रागावू नको. त्याने निदान मला बघितलं.

ता. क. चार जमत नसतील तर दोन दिवस. दीड पण चालेल, पण त्यात फोन घ्यायचा नाही.

ता. क. आये बरी आहे, हे वर लिहिलं ते पत्रात तसं लिहायचं असतं म्हणून. गणपतीपासून ती मला दर्शना म्हणते. पहिले दोन महिने मी भांडले, मग ओ द्यायला लागले. ती खुशीत जेवते, मला पण त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण परवा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "दर्शना, तू आलीस ते बरं झालं. पण आपली गोदा कुठे गेली गो? ती का येत नाही?" तेव्हा तू ये आणि तिच्याजवळ दर्शना होऊन बस, म्हणजे मला गोदा होऊन दारातून आत येता येईल. ती माझी फार वाट बघतेय.