हिरव्या झग्याची बाही

निगडी, १९ जानेवारी

चि. निवेदितास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर माझ्या तोंडून नुसतं कौतुक निघतं, म्हणून पत्र लिहिते आहे. रविवारी चिंचवडला तुझा सिनेमा पाहिला. एवढी बक्षिसं, पेपरात एवढी स्तुती, पण मला तो मुळीच आवडला नाही. जुनं हॉलिवूड म्हणून तीन तास माणसं सिगारेटी ओढतात आणि पोहण्याच्या तलावाशी बसून रडतात. कपडे शिवणाऱ्या बायका एकदाच दिसतात, त्याही पाठमोऱ्या. आणि ती हिरव्या झग्यातली नायिका नाचताना हात खांद्याच्या वर नेतच नाही. बाही बसवताना कुणाचं तरी चुकलंय.

शेवटची नावं सुरू झाली तशी मी उठले होते. ह्यांनी हात धरून बसवलं. कपडेपटाच्या यादीत तुझं नाव आल्यावर हे एकटेच टाळ्या वाजवत होते. मी पर्समध्ये किल्ली शोधत राहिले.

ह्यांनी सोसायटीभर सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या वर्षालीने मला विचारलं, तुम्हालाही शिवणकाम येतं का. मशीनमध्ये दोरा ओवायला तुला मी शिकवलं, डिझाइनच्या कॉलेजचं पत्र आधी मला आलं होतं, हे तिला कुठून ठाऊक असणार? लग्न ठरलं म्हणून मी गेले नाही. दोन वर्षांनी तू गेलीस. मी माझ्या छोट्या युनिटमध्ये महाळुंग्याच्या कंपन्यांसाठी कामगारांचे बॉयलर सूट शिवते, एवढंच तिला माहीत.

तब्येतीला जप.
तुझी शैलाताई


लॉस एंजेलिस, ८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

सिनेमा मलाही आवडला नाही, पण इथे तसं बोलायची सोय नाही. तो हिरवा झगा मीच शिवला होता. काखेत काचायचा. नायिकेने हात उचलला की शिवण उसवायची. तीनदा उसवली. शेवटी तिला हात खाली ठेवून नाचायला लावलं, आणि आमच्या कपडेपटाच्या मुख्य बाईंनी मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. वर्ष झालं. नंतर कुणी बोलावलं नाही. सध्या एका ड्रायक्लीनरकडे पँटी आखूड करते. भावजींना कळवू नकोस, त्यांच्या टाळ्या राहू देत.

कधी वाटतं, परत यावं आणि तुझ्या युनिटमध्ये एका मशीनवर बसावं. बसू देशील?

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी निवेदिता


निगडी, १ मार्च

चि. निवेदितास आशीर्वाद.

तुझं काम गेल्याचं वाचून मला आधी आनंद झाला. हे लिहून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल. चहा होईपर्यंत तो टिकला. मग तू परक्यांच्या पँटी आखूड करत बसलेली डोळ्यांपुढे आलीस, आणि चहा तसाच राहिला.

कंपन्यांमधल्या कामगारांना दिवसभर हात वर करून काम करावं लागतं, म्हणून सूटच्या काखेत आम्ही एक चौकोनी तुकडा जोडतो. शिवण उसवत नाही. तुझ्या झग्याला तेच हवं होतं. मला ते थिएटरातच कळलं होतं. पहिल्या पत्रात मुद्दाम लिहिलं नाही. सोबत कागदी नमुना कापून पाठवला आहे. तसा एक झगा शिव आणि त्या बाईंना नेऊन दाखव.

इकडे यायचं इतक्यात मनात आणू नकोस. तू आलीस की युनिटमधल्या आठही बायका मला सोडून तुझ्याभोवती जमतील, आणि ते बघणं मला अजून जमणार नाही. जमेल तेव्हा मीच बोलावीन.

लोभ आहे. बाकीचं कमी करते आहे.
तुझी ताई