गच्चीवरचं हवेचं मशीन

३ फेब्रुवारी, सकाळी
रात्रभर झोपले नाही. छकुली खोकत होती. थांबली की आणखी भीती, म्हणून तिच्या नाकापाशी बोट धरून बसले. सात महिन्यांचं पोर. कचरा डेपोचा धूर खिडकी लावली तरी येतो. आजपासून घाबरायचं नाही.
दादाचा फोन. पोरीला घेऊन माझ्याकडे ये म्हणाला. त्याच्याकडे पक्का रस्ता, दारात कचऱ्याची गाडी, झाडंबिडं. मी म्हटलं, आमच्याकडेपण होणारे. नऊ वर्षं ऐकतोय म्हणाला. माझा भाऊच तो, पण धीर म्हणून नाही.

५ फेब्रुवारी
बघा! नगरपालिकेच्या ऑफिसातला माणूस आमच्या गच्चीवर हवा मोजायचं मशीन लावून गेला. अकरा वस्त्यांत मोजणार, तीन आठवड्यांच्या आकड्यांवरून कुठला डेपो आधी हलवायचा आणि रस्ता आधी कुठे करायचा ते ठरणार. मला म्हणाला, ताई, मशीन जपा.

६ फेब्रुवारी
मशीनला खाली बारीक भोकं आहेत. त्यातून धूळ गेली तर बंदच पडेल बिचारं. छकुलीचं जुनं दुपटं चौपदरी करून ओलं केलं, घट्ट बांधलं. रोज दोनदा ओलं करायचं.

११ फेब्रुवारी
मशीनवर हिरवा दिवा लागलाय, म्हणजे हवा चांगली. सुटले.
हे म्हणाले, पोरीला साधं दुपटं आणि मशीनला चौपदरी. यांना काय कळतंय.

१९ फेब्रुवारी
शेजारची शिवणवाली म्हणते, माझे कपडे दोरीवर काळे पडतात आणि तुझा दिवा हिरवा कसा? जळते. मशीन तिच्या गच्चीवर नाही ना.
दुपटं धुतलं. पाणी काळंकुट्ट. एवढं सगळं मशीनच्या पोटात गेलं असतं! छकुलीला वाफ दिली. खोकला कमी आहे. म्हणजे दुपारी कमी होता.

२ मार्च
ऑफिसातून निरोप आला. दादाला लगेच फोन करून सांगितलं, अकरा वस्त्यांत आमचा पहिला नंबर. सगळ्यात स्वच्छ हवा. आता बोल म्हटलं. तो म्हणाला, पोरीचा खोकला कसाय?

४ मार्च, दुपारी
माणूस मशीन काढायला आला. वर जाऊन त्याने दुपटं सोडून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, हे फडकं कधीपासून आहे?"
दुसऱ्या दिवसापासून, मी सांगितलं. एक दिवस चुकवलं नाही.
तो पायरीवरच बसला. म्हणाला, यादी गेली वर. आपला डेपो हलत नाही, रस्ता त्याच्यासोबतच होता, तोही गेला. परत मोजणी तीन वर्षांनी. आणि शेजारच्या दोन वस्त्यांचा कचरा आता इकडेच येणार, इथली हवा चांगली म्हणून.
यात माझी चूक नाही. जपा म्हणाला, मी जपलं.

४ मार्च, संध्याकाळी
पहिल्या दोन गाड्या आल्या. छकुलीची छाती घरघर वाजतेय. दुपट्याचं घरात कुणाला सांगितलं नाही. मी घाबरलेली नाही, नुसतं तिच्या नाकापाशी बोट धरलंय. दादाला मीच केला असता फोन, पण परवाच पहिला नंबर आला म्हणून सांगून बसलेय, आता कुठल्या तोंडाने करू. ही वही कुणी वाचायची नाही. पण कुणी वाचलीच तर दादाचा नंबर शेवटच्या पानावर आहे, त्याला फोन करा. म्हणावं, आजच ये.